मोगली पुन्हा वाचताना

वाचनालयाच्या खिडकीशी जाऊन मी मोगलीच्या गोष्टींचे पुस्तक मागितले, तेव्हा पुस्तके देणाऱ्या काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारले, “धाकट्या भावासाठी का रे?” मी “हो” म्हणून मोकळा झालो. या खोट्याची मला त्याच रात्री लाज वाटली आणि त्या लाजेपोटीच हा लेख लिहीत आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने कादंबरी वाचावी, समीक्षा वाचावी. लांडग्या-अस्वलांच्या गोष्टी मात्र शाळेच्या दप्तरातच ठेवून याव्यात, असा आपल्यात एक अलिखित दंडक आहे. मित्रहो, तो दंडक मला मान्य नाही.

मोगली मला प्रथम भेटला तो सहावीत असताना. चिखलदऱ्याचा पाऊस, दारापर्यंत आलेले धुके, आठ आठ दिवस वीज नाही आणि हातात मुखपृष्ठ फाटलेला एक संक्षिप्त मराठी अनुवाद! आई-बाबांना मोगली ठाऊक होता तो १९९३ साली दूरदर्शनवर लागणाऱ्या मालिकेमुळे. मला मात्र तो आमच्याच रानातला वाटे. पुढे कळले की, हे वाटणे अगदीच वेडेपणाचे नव्हते. रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म मुंबईचा, १८६५ सालचा. मोगलीच्या कथा त्यांनी अमेरिकेत बसून लिहिल्या आणि त्या १८९४ व १८९५ मध्ये दोन पुस्तकांतून प्रसिद्ध झाल्या. कथांतील शिवनीचे डोंगर आपल्याच सातपुड्याचे. आणि १९५६ पर्यंत शिवनी व वऱ्हाड एकाच प्रांतात होते. तेव्हा मोगली आपला शेजारीच म्हणायचा.

आता सात-आठ वर्षांनी संपूर्ण पुस्तक वाचायला घेतले आणि पहिलाच धक्का बसला तो रानकुत्र्यांच्या कथेत. दख्खनेतून लाल कुत्र्यांची धाड येते, मोगली त्यांना युक्तीने मधमाश्यांच्या कड्याखाली नेतो आणि मग नदीकाठी लांडग्यांशी त्यांची घनघोर लढाई होते. लहानपणी मी श्वास रोखून लांडग्यांच्या बाजूने होतो. या वेळी मनात आले, शिवनीच्या दक्षिणेला तर आपण! म्हणजे ते वैरी आले ते आपल्याच दिशेने. त्यांना आपण कोळसून म्हणतो. कळपातले सगळे मिळून पिल्लांना भरवणारा हा प्राणी, आज जगभर संकटात आहे. मेळघाटात तो अजून दिसतो. कथेतली क्रूर टोळी आणि रानातले कोळसून यांचा मेळ मला घालता आला नाही.

खरा धक्का पुढेच होता. एका कथेत गावकरी मोगलीला सांभाळणाऱ्या बाईला चेटकीण ठरवून जाळायला निघतात. मोगली तिला सोडवतो आणि सूड म्हणून सारे जंगल गावात घुसवतो. हरणे, नीलगायी, डुकरे उभी पिके फस्त करतात. हत्ती धान्याच्या कणग्या फोडतात. पावसाळ्यात भिंती कोसळतात आणि गाव उठते. माणूस एकही मारायचा नाही, अशी मोगलीची ताकीद असते. पण गाव उरत नाही. सहावीत या कथेच्या शेवटी मी टाळ्या पिटल्या होत्या.

आता त्या टाळ्या वाजेनात. मेळघाटात १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला; देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. या शतकाच्या आरंभी कोहा, कुंड, बोरी ही गावे रानातून उठून अकोटकडे वसली, पुढे आणखीही गावे हलली. वाघाला मोकळे रान हवे, हे मी नाकारत नाही. काही कुटुंबांना शाळा, दवाखाना, रस्ता हवा होता, हेही खरे. तरीही गाव उठणे म्हणजे काय, ते मला वर्गातल्या एका कोरकू मैत्रिणीने सांगितले. तिचे आजोळ असेच उठलेले. मी तिला ही कथा सांगितली, तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, “तुह्या मोगलीले इचार, आमच्या बुढ्याचा मुंडा तिथंच राह्यला, त्याचं का करावं?” मुंडा म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने कोरकू लोक उभारतात तो कोरीव लाकडी स्तंभ. घराची भरपाई हिशेबात बसते. मुंडा कोणत्या रकान्यात लिहायचा?

हा प्रश्न घेऊन मी कथा तिसऱ्यांदा वाचली. तेव्हा माझ्या फाटक्या अनुवादात गाळलेला एक माणूस सापडला. गाव संकटात पडते तेव्हा गावकरी रानातल्या एका गोंडाला बोलावतात. तो फारसे बोलत नाही. रानकारल्याचा वेल देवळाच्या दारावर धरतो आणि निघून जातो. जंगल काय करणार, हे एकट्या त्यालाच कळलेले असते. त्याच्या स्वतःच्या घरादाराचे काय, ते मात्र लेखक सांगत नाही.

किपलिंग साम्राज्याचे भक्त होते, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो खोटा नाही. याच कथेत त्या बाईला न्यायाची आशा वाटते ती इंग्रजांकडूनच. पण म्हणून पुस्तक टाकून द्यावे का? मला तसे वाटत नाही. ते टाकले असते, तर टाळ्या पिटणारा मी मलाच कधी दिसलो नसतो. लहानपणी आपण पुस्तकात वाघाशी, लांडग्याशी मैत्री करतो, हे चांगलेच. मोठेपणी त्याच पानावर परत जाऊन, कोपऱ्यात उभा असलेला माणूसही पाहिला पाहिजे. हे काम दुसऱ्या वाचनाचे आहे, आणि ते आपल्या वयातच व्हावे. उद्या आपल्यातलेच कोणी वनखात्यात जाईल, कोणी शिक्षक होईल, कोणी गावाच्या वतीने कागदावर सही करील.

पुस्तक परत करायला गेलो तेव्हा काकांनी विचारले, “आवडलं का भावाला?”

मी म्हणालो, “काका, मीच वाचलं. आणखी आठ दिवस मुदत वाढवून द्या. आता ते वर्गातल्या एका मैत्रिणीला वाचायचं आहे.”