ट्राम गेली, आता बसही जाऊ द्यायची काय?

पायधुणीच्या नाक्यावर कापड, भांडी, अत्तर विकणाऱ्या आपल्या किती दुकानदारांना ठाऊक आहे की मुंबईची पहिली ट्राम थेट आपल्याच नाक्यापर्यंत आली होती? ९ मे १८७४ रोजी घोड्याची ट्राम सुरू झाली तेव्हा मार्ग दोनच होते. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणी, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणी. ट्राम चालवणारी कंपनी काही धर्मादाय संस्था नव्हती. जिथे बाजार आणि माणसांची वर्दळ, तिथेच रूळ टाकण्यात फायदा आहे, हा साधा तिजारतीचा हिशेब तिने केला.

आगगाडी तर १८५३ सालीच सुरू झाली होती. पण आगगाडी माणसाला स्टेशनावर सोडते, ट्राम दुकानाच्या दारात सोडायची. सुरुवातीला कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे होते. गर्दी वाढली तसे ते दोन आण्यांवर आणले. गिऱ्हाईक वाढले की भाव उतरवावा, हा धडा त्या कंपनीकडून आपणही घ्यावा असा आहे! कंपनीजवळ आरंभी ९०० घोडे होते. १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम आली, १९२० मध्ये दुमजली ट्राम आली, आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. म्हणजे बसचे टोकही बाजारातच. ऑगस्ट १९४७ मध्ये हा सारा कारभार महापालिकेच्या हाती आला.

३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धावली. रस्ते अपुरे पडतात, रुळांमुळे मोटारींची अडचण होते, अशी तक्रार होती. ट्राम गेली. आज साठ वर्षांनंतर मोहम्मद अली रोडवर उभे राहून रस्ता मोकळा झाला असे कोणी शपथेवर सांगू शकेल काय?

पुढे जे.जे. उड्डाणपूल आला. त्याला कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे नाव आहे याचा आदर आहेच. पण व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर अडीच किलोमीटरच्या आसपास हा पूल आपल्या डोक्यावरून जातो. जी मोटार पूर्वी दुकानासमोरून सरकत जायची, ती आता वरच्या वर निघून जाते. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोचली. काळबादेवीला स्टेशन झाले, मूळजी जेठा मार्केटची सोय झाली. चांगली गोष्ट आहे. परंतु मेट्रो मोहम्मद अली रोडखालून जात नाही. भेंडीबाजार, नळबाजार, पायधुणीच्या दारात येणारे वाहन आजही बसच आहे.

आणि नेमकी तीच आटत चालली आहे. बेस्टजवळ एकेकाळी स्वतःच्या चार हजारांहून अधिक बस होत्या. आता रस्त्यावर दिसणाऱ्या बसपैकी बहुतेक कंत्राटदारांच्या आहेत, आणि एकूण संख्याही पूर्वीची राहिली नाही. किमान भाडे २०१९ मध्ये ५ रुपये केले होते. ते ९ मे २०२५ पासून १० रुपये झाले. योगायोग असा की तारीख ट्रामच्या वाढदिवसाची! भाडेवाढीबद्दल माझी फारशी तक्रार नाही. वीज विभागाच्या नफ्यातून बसचा तोटा भरून काढण्याचे दिवस गेले, पैसा कुठून तरी यायलाच हवा. दहा रुपये देऊनही अर्धा तास बस येत नसेल, तर मात्र भायखळ्याची बाई चार पोरांना घेऊन ईदच्या खरेदीला इकडे का येईल? ती घराजवळच्या मॉलमध्ये जाईल, नाहीतर मोबाइलवर मागवील.

आपल्या संघटनांच्या बैठकांत मात्र एकच मागणी ऐकू येते, पार्किंग द्या. कुणाला वाईट वाटेल, पण गल्ल्यावर बसून जे दिसते तेच लिहितो. एक मोटार दुकानासमोर दोन तास उभी राहते आणि तिच्यातून दोन गिऱ्हाईक उतरतात. तेवढ्याच वेळात त्या जागेपुढून बस गेल्या तर किती माणसे उतरतील, याचा हिशेब पोरही करील. शिवाय आपला कारीगर, जरीवाला, काउंटरवरचा मुलगा कुर्ला, गोवंडीहून येतो. त्याला पार्किंगचा काय उपयोग? तो उशिरा पोचला की शटरही उशिरा उघडते.

तेव्हा महापालिकेला पत्र लिहायचे तर पार्किंगऐवजी मोहम्मद अली रोड आणि इब्राहिम रहिमतुल्ला रोडवरच्या बसफेऱ्या मागा. संध्याकाळी पाच ते रात्री अकरा या वेळेत किती फेऱ्या धावतात, याचा आकडा लेखी मागा. पुलावरून जाणाऱ्या बस असतील तर त्यातील काही खालून आणा म्हणावे. आणि थांब्यापुढे आपल्याच हातगाड्या, आपलेच गठ्ठे पडलेले असतात, ते आधी उचला, नाहीतर साहेब लोक पहिले बोट तिकडेच दाखवतील. हे पत्र रमजानचा बाजार भरण्याच्या निदान दोन महिने आधी गेले पाहिजे.