खोटा अर्जदार हवाच

सरकारी पोर्टलांच्या देखभालीत मुरलेल्या एका जाणकारांचे मत हल्ली वारंवार कानावर येते. पोर्टल चालते का, हे पाहायला यंत्राकडून खोटे अर्ज भरून घेणे म्हणजे पोरखेळ, असे ते म्हणतात. खरी माणसे रोज वापरतातच, अडली तर तक्रार करतील, आणि तक्रार नाही म्हणजे सगळे ठीक. वर खोट्या अर्जांनी आकडे बिघडतात, खर्च वाढतो, ओटीपीपुढे स्क्रिप्ट अडते. धाराशिव जिल्ह्यात राहून हे ऐकले की संताप येतो.

ही स्क्रिप्ट काय करते? ब्राउझर आपोआप चालवणारा हा छोटा प्रोग्राम दर काही मिनिटांनी पोर्टल उघडतो, लॉगिन करतो, जिल्हा, तालुका, गाव निवडतो, गट नंबर टाकतो, सातबारा जोडतो आणि कोणत्या पायरीला किती सेकंद लागले ते लिहून ठेवतो. सेलेनियमसारखे मोफत साधन त्यासाठी 2004 पासून हाताशी आहे.

आता तक्रारीचे बघू. सोयाबीनचा पीक विमा भरायला परंड्याचा शेतकरी सेवा केंद्रात येतो. पान फिरत राहते. केंद्रचालक म्हणतो, ‘‘सर्व्हर डाउन आहे मामा, उद्या या.’’ मामा एसटीने गावी परततात. कुठे झाली तक्रार? एक रुपयातल्या विम्यात केंद्रचालकाला अर्जामागे 40 रुपये मिळायचे. तेवढ्यासाठी दारात रांग उभी असताना तो हेल्पलाइनवर तास घालवील का? आणि पानच उघडले नाही तर पोर्टलाच्या हिशेबात मामा आलेच नाहीत. ओटीपीचे तर त्याहून वाईट. पोर्टल म्हणते ‘पाठवला’, फोनवर काही येत नाही, आणि दप्तरी ती पायरी यशस्वी ठरते. दारातून परत गेलेल्याची नोंद त्या दाराकडे राहत नाही. जे आत पोचले त्यांचेच आकडे मोजायचे आणि वर म्हणायचे की कुणाची तक्रार नाही! हा युक्तिवाद आमच्या आठही तालुक्यांचा अपमान आहे.

हंगामाचा मुद्दा तर या जाणकारांना शिवतही नाही. खरिपाच्या विम्याचे पोर्टल काही आठवडे तुडुंब भरते, मग ओस पडते. जूनच्या आरंभी खरा वापरकर्ता आणणार कुठून? तेव्हा दोष शोधायला खोटाच अर्जदार लागतो. नाहीतर तो दोष पहिल्या दिवशी खऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यावर फुटतो. मग मुदत वाढवावी लागते: 2023 च्या खरिपात अर्जाची मुदत 31 जुलैवरून 3 ऑगस्टवर गेली, 2024 मध्ये 15 जुलैवरून 31 जुलैवर. देशपातळीवरचे उदाहरण हवे असेल तर 28 एप्रिल 2021 आठवा. दुपारी चारला अठरा वर्षांवरच्यांसाठी कोविनवर लसनोंदणी उघडली आणि लाखो माणसे ओटीपीची वाट पाहत बसली. 2024 च्या खरिपापर्यंत तर पिकाच्या नुकसानीची पूर्वसूचना 72 तासांत द्यायची होती. अतिवृष्टीत वीज आणि नेटवर्क आधी जातात. त्या 72 तासांतला एकेक तास पोर्टलाने खाल्ला, तर सिद्ध कशाने करायचे?

हा वाद जुनाच आहे. 15 ऑगस्ट 2021 ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, तेव्हाही ‘शेतकऱ्याला ॲप जमत नाही’ असे ठोकून दिले गेले. बांधावर उभे राहून फोटो काढणाऱ्या बाईला ॲप जमत होते. अडत होते ते नेटवर्क आणि अपलोड. दोष माणसाच्या माथी मारला की मोजमापाची कटकट वाचते, एवढाच त्यामागचा हिशेब.

उरलेले आक्षेप किरकोळ. चाचणीच्या खात्यांना खूण केली की ती आकड्यांतून वगळता येतात. खर्च एका वाढीव मुदतीच्या धावपळीपुढे काहीच नाही. ओटीपीसाठी चाचणीचे वेगळे सिमकार्ड ठेवता येते, आणि ते ठेवलेच पाहिजे, कारण माणसे अडतात ती तिथेच.

माझे म्हणणे थोडक्यात असे. स्क्रिप्ट मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरमधून चालवून भागणार नाही. तिथून सगळेच झटपट उघडते. ती भूम, वाशी, लोहारा, उमरगा इथल्या साध्या मोबाइल जोडणीवरून, जुन्या संगणकावर चालावी. तिच्या अर्जांत सामाईक खातेदार असावेत, सातबाऱ्यावर आणि आधारवर नावाचे स्पेलिंग वेगळे असावे, कारण खरे अर्ज असेच असतात. 1 जूनपासून ती रात्रंदिवस फिरावी आणि तालुकानिहाय नोंद तहसील कार्यालयाच्या फलकावर रोज लागावी. त्या नोंदीत पोर्टल जितके तास बंद दिसेल, तितकी मुदत त्या तालुक्याला आपोआप वाढून मिळावी. त्यासाठी कुणाला निवेदन घेऊन जिल्हाधिकारी कचेरीत जावे लागू नये.