गोळी दिली, पुढे काय?

छिन्नमनस्कतेने ग्रासलेला तरुण ज्या घरात असतो, त्या घराची पहिली प्रार्थना एवढीच असते, की त्याच्या कानांत घुमणारे ते आवाज थांबोत. १९५२ साली पॅरिसमध्ये मनोविकारांवर क्लोरप्रोमॅझिनचा वापर सुरू झाला आणि ही प्रार्थना पुष्कळ अंशी फळास आली. परंतु आवाज थांबले, भ्रम ओसरले, तरी तो तरुण कामावर का परतू शकत नाही? अवधान, स्मरण आणि विचारांची जुळणी या ज्या शक्तींवर माणसाचा संसार चालतो, त्यांची झालेली हानी औषधाने फारशी भरून येत नाही, हे त्याचे कारण. घरचे मात्र म्हणतात, ‘शांत आहे ना, पडू दे!’

ही शांतता फसवी आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा चाचण्यांतील ३८५ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. दम लागेल असा व्यायाम नियमाने केल्यास या रुग्णांची आकलनशक्ती सुधारते, असा तिचा निष्कर्ष निघाला. व्यायामाचा वेळ अधिक, तसा लाभ अधिक. आणि जाणत्या शिक्षकाची देखरेख असेल, तर तो आणखी अधिक. ही सुधारणा माफक आहे, चमत्कार नव्हे. व्यायाम औषधाची जागाही घेणार नाही. पण जेथे गोळीचे पाऊल अडते, तेथून पुढे दोन पावले नेणाऱ्या उपायाला आपण करमणूक का समजावे?

रुग्णाला उत्साहच नसतो, असे कोणी म्हणेल. खरे आहे; परंतु तो आळस नव्हे, व्याधीचेच लक्षण आहे. म्हणूनच ‘जरा फिरून ये’ एवढे सांगून भागत नाही. कोणीतरी त्याच्याबरोबर निघावे लागते.

२०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवेचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला. त्या सेवेचा अर्थ गोळ्यांच्या पुडीपुरता उरू नये. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांत प्रशिक्षित व्यायामशिक्षक हा परिचारिकेइतकाच आवश्यक मानला जावा, अशी आमची सरकारकडे मागणी आहे. आणि कुटुंबीयांना विनंती अशी, की सरकार जागे होईपर्यंत थांबू नका. डॉक्टरांचा सल्ला घ्या, उद्या सकाळी पायांत चपला घाला आणि त्याला बरोबर घेऊन चालू लागा.