बाळाच्या डोक्यावर खपली? तेल लावा, पण मुरू देऊ नका!

बाळ महिन्याभराचं झालं की कधीकधी त्याच्या डोक्यावर पिवळसर, तेलकट पापुद्रे दिसू लागतात. घरातलं कुणीतरी पटकन बोलून जातं, "डोकं नीट धूत नाहीस वाटतं!" नव्या आईला ते फार लागतं. म्हणून आधीच सांगते, यात तुमची काहीही चूक नाही.

याला 'क्रेडल कॅप' म्हणतात. ही खपली अस्वच्छतेमुळे येत नाही, दुसऱ्या बाळाला लागत नाही आणि तिला सहसा खाजही नसते. आईकडून आलेल्या हार्मोन्समुळे बाळाच्या त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त तेल तयार करतात, असं मानलं जातं. त्या तेलाने मृत त्वचा चिकटून राहते आणि थर जमतो. बहुतेक बाळांची खपली वर्षभराच्या आत आपोआप जाते.

आपल्याकडे टाळू भरायची पद्धत आहे. पण टाळू तेलाने भरत नाही. तिथली हाडं साधारण दीड वर्षापर्यंत आपसूक जुळतात. खपली असताना तेल डोक्यातच ठेवलं, तर थर आणखी चिकट होतो.

मग काय करायचं?

• आंघोळीआधी १५ मिनिटं थोडं खोबरेल तेल लावा. मोहरीचं तेल टाळा, त्याने नाजूक त्वचेची आग होऊ शकते.
• मऊ ब्रशने हलकेच पापुद्रे सैल करा. टाळूवरूनही हलका हात फिरवायला हरकत नाही.
• सौम्य बेबी शॅम्पूने सगळं तेल धुऊन काढा.
• नखाने खपली काढू नका. जखम होऊन जंतुसंसर्ग होऊ शकतो.
• मोठ्यांचा कोंड्याचा शॅम्पू डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

त्वचा लाल होऊन सुजली, पाणी, पू किंवा रक्त आलं, वास येऊ लागला, बाळ सारखं डोकं घासू लागलं किंवा पुरळ चेहऱ्यावर, अंगावर पसरलं, तर वाट पाहू नका.

आणि आजी रागावल्या तर त्यांना सांगा, "तेल बंद केलेलं नाही, फक्त आंघोळीनंतर लावायचं ते आता आधी लावतोय." मग मालिश त्यांच्याच हातून होऊ द्या!