बिनशेतीचा अर्ज आणि रस्त्याचा नकाशा

गांवची जमीन कोणत्या कामीं लावावी हें गांवकऱ्यांनीं पाहावें आणि रस्ता वा आगगाडी कोठून न्यावी हें सरकारनें पाहावें, अशी वांटणी आपल्याकडे फार दिवसांपासून चालत आली आहे. महसूल खात्याच्या दप्तरांत जन्म गेल्यामुळें तिचें फळ आम्हांस नित्य कागदावर पाहावयास मिळालें. बिनशेतीचा अर्ज एका टेबलावर, भूसंपादनाची नोटीस दुसऱ्या टेबलावर. दोहोंची गांठ पडावयाची ती बहुधा कज्ज्यांतच.

पुण्याजवळील हिंजवडीचें उदाहरण सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस तेथें संगणक उद्योगासाठीं औद्योगिक वसाहत वसली. कचेऱ्या उठल्या, भोंवतालच्या शेतांत इमारती आल्या. परंतु एवढीं माणसें रोज येणार-जाणार कशीं, हा विचार मागाहून झाला. हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारें २३ किलोमीटरांच्या मेट्रोचें भूमिपूजन झालें तें २०१८ च्या डिसेंबरांत. तोंवर रस्ते मोटारींनीं तुंबून गेले होते, आणि भाजीची गाडीहि त्याच गर्दींत अडकत होती.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या धोरणांत स्थानकापासून ५०० ते ८०० मीटरांत, म्हणजे पायीं चालण्याच्या टप्प्यांत, दाट वस्ती असावी असें म्हटलें आहे. धोरण शहरांचें खरें, पण त्यांतील अक्कल खेड्यासहि लागू पडते. वस्ती गांवठाणाभोंवतीं व एस. टी. च्या थांब्याजवळ राहिली तर गाडीस उतारू मिळतात आणि पलीकडील काळी जमीन शाबूत राहते. २०१७ सालींच जमीन महसूल अधिनियमांत ४२-ड हें कलम घालून गांवठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांतील जमिनीस बिनशेतीची वाट सुलभ केली, तीहि याच धोरणास धरून आहे.

प्रत्यक्षांत काय घडतें? सडकेकडेची दर्शनी पट्टी गुंठ्यागुंठ्यानें विकली जाते. मागच्या गटाची वहिवाटीची पाणंद कुंपणांत जाते. मग १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखालीं किंवा महसूल अधिनियमाच्या १४३ व्या कलमाखालीं वाट मागण्याचे अर्ज, पंचनामे, अपिलें. आणि तोंवर ऊस शेतांत उभा! २००१ च्या गुंठेवारी कायद्यानें घर नियमित होऊं शकतें. दोन घरांमधला बोळ मात्र बोळच राहतो.

यावर कोणी म्हणेल, जमीन आमची, अडचण आमची, विकूं नये तर काय करावें? मुलीचें लग्न वा बँकेचें कर्ज पुढें उभें असतां गुंठा विकणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. परंतु एकट्यानें तुकडा विकण्याहून दुसरा मार्ग आहे. नगररचना योजनेचा पहिला कायदा मुंबई इलाख्यांत १९१५ सालीं झाला. तींत जमिनी एकत्र करून रस्ते आधीं आंखतात व प्रत्येकास लहान पण चौरस, रस्त्यास लागलेला तुकडा परत मिळतो. हडपसरजवळ मगरपट्ट्यांतील सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं आपली ४०० एकरांवर जमीन एकत्र ठेवून तिच्या प्रमाणांत भाग घेतले. असें सर्वत्र घडेल असें नाहीं. त्यास भाऊबंदांचें एकमत लागतें, आणि तें किती दुर्मिळ आहे हें फाळणीचे कागद पाहिलेल्यास सांगावयास नको.

आराखड्यांवर विश्वास कसा ठेवावा, ही तक्रार अधिक वजनाची आहे. पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ सालीं स्थापन झालें, त्याचा प्रारूप विकास आराखडा २०२१ सालीं निघाला व २०२५ सालीं सरकारनें तो रद्द केला. मधल्या काळांत ज्याच्या गटावर आरक्षणाची रेघ होती त्यानें विहीर खणावी कीं नाहीं? हा दोष सरकारचाच. तथापि हरकती मागविल्या जातात तेव्हां आपण काय लिहितों, हेंहि पाहावें. आमच्या पाहण्यांतल्या बहुतेक हरकती एकाच मासल्याच्या: "माझ्या गटांतून रस्ता नको." म्हणजे तो शेजाऱ्याच्या गटांतून जावा! गांवास रस्ता कोठें हवा, बाजाराची गाडी कोठें थांबावी, हें लिहिणारा अर्ज विरळाच.

आपल्या मंडळाच्या प्रत्येक शाखेनें तालुक्याहून प्रादेशिक आराखड्याची प्रत आणून, तींत गांवच्या सर्व पाणंदी तांबड्या शाईनें दाखवून, ती चावडींत लावावी. हरकतीची मुदत चालूं असतां ग्रामसभेचा एकच ठराव त्या नकाशासह धाडावा. आणि ज्यास तुकडा विकणें भागच आहे त्यानें उसाची भरलेली ट्रॉली वळेल एवढी वाट खरेदीखताच्या चतुःसीमेंत स्पष्ट लिहून घ्यावी, सही होण्यापूर्वीं.