मेहेर कागदावर, मूल वाऱ्यावर

मुस्लिम व्यक्तिगत कायद्याची चर्चा आपल्याकडे तलाकपासून सुरू होते आणि बहुधा तलाकपाशीच थांबते. तलाकनंतर आईच्या कडेवर उरलेल्या मुलाचे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः कोणत्याही कुटुंबकायद्याची खरी कसोटी तीच आहे.

कुरुळीसारख्या गावाचा विचार करावा. चाकणचे कारखाने आले तसे शेतांच्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतून कामगार आले. मूळ गावी मूल सांभाळायला आजी होती, मावशी होती; इथे खोलीचे भाडे आणि कंत्राटी मजुरी एवढेच आहे. अशा घरात लग्न मोडले की, कायद्याने दिलेला हक्क आणि हाती असलेला पैसा यांतील अंतर उघडे पडते.

हनफी परंपरेनुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत संगोपनाचा पहिला अधिकार आईचा. पालकत्व मात्र बापाचे आणि खर्चाची जबाबदारीही बापाचीच. बाप खर्च चुकवू लागला की कष्ट आईचे आणि निर्णय बापाचे, एवढेच शिल्लक उरते. १८९० चा पालक व पाल्य कायदा न्यायालयाला मुलाचे हित पाहावयास सांगतो, हे खरे. पण राजगुरुनगरच्या न्यायालयात जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवायची.

या बाईच्या हाती पैसा का नसतो? निकाह हा करार आहे आणि मेहेरची रक्कम ही त्या करारातील तिची स्वतःची मालमत्ता आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत तो तिचा विमा होय. प्रत्यक्षात अनेक लग्नांत ही रक्कम नाममात्र लिहिली जाते. उलट हुंडा, मानपान आणि जेवणावळी यांपायी मुलीचा बाप कर्जात बुडतो. धर्माच्या कायद्याने पैसा वराकडून वधूकडे जावयाचा. रूढीने त्याची दिशाच उलटवली. ही रूढी कोणत्याही शरियतमध्ये सापडणार नाही. ती शेजारच्या हिंदू घरातही तशीच नांदते. तेव्हा हिंदू वाचकाने बोट दाखवण्याची घाई करू नये. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानेही पहिला नैसर्गिक पालक बापच ठरवला आहे.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. त्यानंतरची वाट नागमोडी आहे. शाहबानो निकालानंतर आलेल्या १९८६ च्या कायद्याने घटस्फोटितेला मुलासाठी मिळणारा खर्च त्याच्या जन्मापासून दोन वर्षांपुरताच धरला. १९९७ साली नूर सबा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुलाचा पोटगीचा हक्क स्वतंत्र आहे; आईच्या घटस्फोटाने तो संपत नाही. २०१९ च्या कायद्याने तात्काळ तिहेरी तलाक उच्चारला गेल्यास अज्ञान मुलांचा ताबा आईला दिला. १० जुलै २०२४ रोजी घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी संहितेखालील पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले.

निकाल आहेत, ते भाड्याच्या खोलीपर्यंत पोचत नाहीत, एवढेच. समान नागरी कायद्यावरील वाद चालत राहील आणि तो चालावा. परंतु तोवर मुलाचे दूध थांबत नाही. कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. निकाहनाम्यात मेहेरची रक्कम वराच्या मिळकतीला शोभेल एवढी लिहिली जावी आणि त्याची प्रत वधूकडे राहावी, असा आग्रह धरावा. हुंड्याच्या लग्नाला, ते कोणत्याही धर्माचे असो, जाऊ नये. आणि खुला घेणाऱ्या बाईवर मुलाचा खर्च सोडून देण्याची अट कोणी घातली, तर तो हक्क मुलाचा असून आईलाही सोडता येत नाही, हे तिला सांगावे आणि पोटगीच्या अर्जाच्या तारखांना तिच्यासोबत उभे राहावे.

यातले कोणतेही काम सभा गाजवणारे नाही. पण कामगारांच्या पक्षाला कामगाराच्या मुलाचा हिशेब देता आला नाही, तर बाकीचे हिशेब कोणासाठी मांडायचे?