विमा रुग्णालयापुरता; व्हीलचेअर मात्र स्वखर्चाने

छत्रपती संभाजीनगर : मणक्याला इजा झालेल्या किंवा पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णाला घरी सोडताना डॉक्टर औषधांबरोबर व्हीलचेअरही लिहून देतात. उपचारांचे लाखोंचे बिल विमा कंपनी चुकते करते. मात्र काही हजारांच्या व्हीलचेअरची पावती दाव्याला जोडली, की ती नामंजूर होऊन परत येते. कॅशलेस कार्डावर विसंबलेल्या कुटुंबांना हा धक्का अनपेक्षित असतो. त्याचे कारण विम्याच्या रचनेतच आहे.

आपल्याकडील आरोग्य विमा हा मूलतः रुग्णालयातील मुक्कामाचा विमा आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२० च्या प्रमाणीकरणविषयक परिपत्रकात ६८ ऐच्छिक बाबींची यादी आहे. मूळ पॉलिसीत या बाबींचे संरक्षण मिळत नाही. लॉन्ड्री, टेलिफोन, बेबी फूड यांच्याच पंगतीत 'चालण्याच्या साधनांचा खर्च' बसविण्यात आला आहे. रुग्णालयातील सोय आणि शरीराची गरज यांत या यादीने भेद केलेला नाही. अर्थात, ही बंदी नव्हे. कंपनीची इच्छा असल्यास जादा हप्ता घेऊन रायडरद्वारे हा खर्च देता येतो. पण ग्राहक सहसा त्याची चौकशी करीत नाही.

अमेरिकेत ज्येष्ठांसाठीच्या 'मेडिकेअर' योजनेत व्हीलचेअर हे टिकाऊ वैद्यकीय साधन मानले जाते. घरातील वावरासाठी ती आवश्यक असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिल्यास ठरावीक वजावटीनंतर मान्य दराच्या ८० टक्के रक्कम योजना देते, उर्वरित २० टक्के रुग्ण भरतो. म्हणजे गैरवापराच्या भीतीपोटी खर्च सरसकट नाकारण्याऐवजी त्याला अटी घालणे शक्य आहे.

आपल्याकडे खासगी विम्याबाहेर काही मार्ग आहेत. पण प्रत्येकाला उंबरठा आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कामगारांना राज्य कामगार विमा योजनेतून व्हीलचेअर मिळू शकते. मात्र २०१७ पासून लागू असलेली २१ हजार रुपयांची वेतनमर्यादा ओलांडली, की कामगार या योजनेबाहेर जातो आणि कंपनीच्या गट विम्यात येतो. तेथे पुन्हा तीच यादी आडवी येते. पगार वाढला आणि संरक्षण घटले, असा हा उफराटा न्याय आहे.

केंद्राच्या १९८१ पासूनच्या 'एडिप' योजनेत किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास साधन मोफत, तर ३० हजारांपर्यंत निम्म्या खर्चात मिळते. परंतु कायमस्वरूपी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र प्रकृती स्थिरावल्यावरच मिळते आणि साधनांचे वाटप बहुतांशी शिबिरांतून होते. मराठवाड्यातून 'घाटी'त आलेल्या रुग्णाला व्हीलचेअर लागते ती घरी परतण्याच्या दिवशी! हाड मोडल्याने काही महिनेच अंथरुणाला खिळलेला रुग्ण तर या योजनेत बसतच नाही.

राज्याच्या २०२४ मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये मिळतात. कौटुंबिक उत्पन्नाची अट वार्षिक दोन लाखांची. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत कायमस्वरूपी पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाखांचे संरक्षण आहे. मात्र ते केवळ अपघातापुरते. पक्षाघात त्यात येत नाही.

या सर्व चाळण्यांतून निसटतो तो मध्यम उत्पन्नाचा, साठीच्या आतला, आजाराने परावलंबी झालेला रुग्ण. हप्ता नियमित भरणारा वर्गही हाच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी रद्द झाला. त्यामुळे हप्त्यावरील भार हलका झाला; संरक्षणाची कक्षा मात्र रुंदावली नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणि खर्चाची कमाल मर्यादा या दोन अटींवर चालण्याची साधने मूळ पॉलिसीत घेणे अवघड नाही. तोवर पॉलिसीचे नूतनीकरण करताना ग्राहकाने चालण्याच्या साधनांचा खर्च कोणत्या रायडरमधून मिळेल, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. अल्पकाळाची गरज असल्यास व्हीलचेअर विकत घेण्यापूर्वी भाड्याचाही विचार करावा. रुग्ण घरी पोहोचला म्हणजे उपचार संपले, असे मानणारा विमा अपुराच म्हणावा लागेल.